हाळी

दुसऱ्या वेचणीचा रविवार होता. दुपारचे तीन वाजून गेले असतील. धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली वही, काटा आणि पाण्याची कॅन घेऊन मी बसले होते, आणि समोर पऱ्हाटीत नऊ बाया वेचत होत्या. वाकून वेचणाऱ्या बायांचे चेहरे दिसत नाहीत. डोक्याला गुंडाळलेले रुमाल दिसतात आणि हळूहळू फुगत जाणाऱ्या ओट्या. इयरफोन घरी राहिला होता. म्हणून मोबाईल रिकाम्या गंजात उभा ठेवला, त्यात आवाज जरा घुमतो, आणि एरवी एकटीने कानात ऐकायचं ते त्या दिवशी उघड्या शेतात लावलं. अमेरिकी वादक बेन वेबस्टरचा एक संथ ब्लूज, टेनर सॅक्सोफोनवरचा. पहिला लांब सूर शेतावर पसरला तशी जवळच्या तासातली, म्हणजे ओळीतली, एक तरुण बाई पाठ सरळ करून उभी राहिली आणि म्हणाली, "कोनाचं मयत झालं वो ताई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. एक मावशी तेवढी हसली नाही. ती माझ्या आईच्या वयाची, मी शाळेत होते तेव्हापासून आमच्याकडे वेचायला येते. तिने मान वर केली नाही, हातही थांबवला नाही. बोंडातून कापूस ओढत ओढतच म्हणाली, "मयत नाही वो पोरी. बलावून राह्यला तो. कोनाले तरी बलावून राह्यला."

मग पुन्हा सगळ्या आपापल्या तासाला लागल्या. संध्याकाळी काटा झाला, गाठोडी बंडीत गेली, मी सोमवारी यवतमाळला कामावर रुजू झाले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पंचवीस वर्षं मी हे संगीत ऐकते आहे. त्यात दुःख आहे, एकटेपण आहे, रात्र आहे, हे सगळं मला माहीत होतं. त्यात हाक आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं ते नागपूरच्या हॉस्टेलात, १९९८ च्या पावसाळ्यात. खोलीतल्या मैत्रिणीच्या भावाने कुठूनशी भरून आणलेली एक कॅसेट होती. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, टेप इतकी घासलेली की मागे सतत पाऊस पडतोय असं वाटे. सॅक्सोफोन मला अगदीच नवा नव्हता. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हिंदी गाण्यांत आपण सगळेच ऐकत आलोय, वाजवणाऱ्याचं नाव माहीत नसलं तरी. पण तो न्हाऊन-धुऊन, केस विंचरून यायचा. कॅसेटमधला तसा नव्हता. मला तेव्हा वाटलं होतं, ही घसा बसलेली सनई आहे. रात्रभर रडून झाल्यावर सकाळी कोणी दार उघडून "या, बसा" म्हणावं, तसा तो आवाज. आवडला की नाही हे मला ठरवता येईना. कॅसेट संपली की मी ती उलटी करून पुन्हा लावत असे, एवढं मात्र आठवतं.

पुढे मामेभावाच्या लग्नात बँडवाल्यांमध्ये एक सॅक्सोफोनवाले काका आले होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात रबरी चपला. पंगती बसल्या तेव्हा ते मांडवामागे एकटे बसून वाद्याच्या तोंडातली पत्ती सोडवत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी ती तोंडात धरली, गोळी विरघळवावी तशी जिभेवर घोळवली, मग पुसून माझ्या हातावर ठेवली. नखाएवढी पातळ, टोकाशी झिजलेली, चहासारखा रंग चढलेली. "हेच वाजते," ते म्हणाले, "बाकी सारा डब्बाच हाय." ती पत्ती म्हणजे बोरूसारख्या गवताचा काप. म्हणून तर एवढं पितळ अंगावर असूनही सॅक्सोफोनची गणती लाकडी सुषिर वाद्यांत होते. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडांसाठी त्याला असं वाद्य हवं होतं की मैदानावर पितळेसारखं दूर ऐकू जाईल, पण बोलेल माणसासारखं. अंग धातूचं आणि जीभ गवताची. गवताची जीभ कोरडी पडली की बोलत नाही, तिला माणसाचीच थुंकी लागते. मला वाटतं त्या वाद्याच्या आवाजात जो ओलावा येतो तो तिथूनच येतो.

ब्लूज बारा मात्रांच्या नव्हे, चार-चार मात्रांच्या बारा मापांच्या चौकटीत फिरतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळायच्या आधी त्याचाच मला कंटाळा यायचा. पहिल्या चार मापांत एक गोष्ट सांगायची. पुढच्या चारांत तीच पुन्हा सांगायची, मात्र खालची स्वरांची जमीन आता सरकलेली असते. शेवटच्या चारांत काहीतरी उत्तर द्यायचं आणि पुन्हा निघालो त्याच दाराशी येऊन उभं राहायचं. मग परत पहिल्यापासून. विशीतल्या मला वाटायचं, एकदा सांगितलं ना, मग पुढे चला. बाबा गेले तेव्हा मात्र मी आईशेजारी दहा दिवस बसून होते. प्रत्येक गावाहून माणसं येत, बाया दारापासूनच गळा काढत, आणि आई प्रत्येकीला तेच सांगे. सकाळी चहा घेतला, म्हणाले छातीत जड वाटून राह्यलं, मी पाणी आणायला उठले. शब्दाला शब्द तोच. पहिल्या दिवशी ते वाक्य हंबरड्यासारखं येत होतं. पाचव्या दिवशी त्यात तक्रार होती, मला उठायला का लावलं म्हणून. दहाव्या दिवशी तेच वाक्य ती इतक्या हळू म्हणाली की जणू बाबांनाच समजावत होती. वाक्य बदललं नव्हतं, त्याच्याखालचं सगळं सरकलं होतं. तेराव्यानंतर यवतमाळला परतले, रात्री अंधारात ब्लूज लावला, आणि दुसऱ्यांदा सांगण्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

आणि तो स्वर. ब्लूजमध्ये गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. दोघांच्या मधे कुठेतरी तो लटकत राहतो, खालून वर चढू पाहतो आणि पोचत नाही. पेटीवर तो मिळत नाही, कारण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे लाकूड असतं. सॅक्सोफोनवर ओठाचा दाब किंचित सैल केला की सूर घसरतो, आवळला की चढतो, म्हणून तिथे तो मिळतो. आमच्या गावात सामुदायिक प्रार्थनेला एक म्हातारे मोठेबाबा खंजेरी घेऊन बसायचे. राष्ट्रसंतांची भजनं त्यांना तोंडपाठ. पण त्यांचा गळा नेमका त्या लाकडावर जाऊन बसायचा. पेटीवाले गुरुजी बेजार व्हायचे, पट्टी दाबून दाबून त्यांना सूर दाखवायचे. मोठेबाबा मान हलवायचे, आणि पुढच्या ओळीला पुन्हा तिथेच. आम्ही पोट्टे खिदळायचो. आता वाटतं, त्यांना सूर सापडत नव्हता असं नव्हतं. त्यांचा सूर तिथेच होता, पेटीतच त्याला जागा नव्हती.

बेन वेबस्टर मला सगळ्यांत जवळचा. कॅन्सस सिटीचा माणूस, १९०९ चा जन्म, १९७३ मध्ये दूर ॲमस्टरडॅमला वारला. तसा तो जॅझवाल्यांत मोडतो, पण संथ ब्लूज वाजवायला लागला की त्याचा सूर संपता संपता विरतो आणि पुढे नुसता श्वास ऐकू येतो. नळीतून वाहणारी नुसती हवा. सुराच्या मागे एक माणूस आहे, त्याला दम लागतो, हे तेव्हा कळतं. पहिल्या पहिल्यांदा ती हवा ऐकून मला अवघडल्यासारखं व्हायचं. कोणाच्या खोलीत न विचारता शिरलो की होतं तसं. आता त्या हवेसाठीच मी थांबते. टेक्सासच्या किंग कर्टिसचं वाजवणं वेगळं, त्यात कोंबडीच्या पिलांची कलकल असते, हसू असतं, पाय थिरकतात. दुःख नावालाही दिसत नाही आणि तरी ऐकून झाल्यावर घसा दाटलेला असतो. तसं का होतं याचा मी फार शोध घेतला नाही.

या सगळ्याचं मूळ कापसात आहे हे मला चाळिशीत कळलं. लाज वाटावी इतक्या उशिरा. ब्लूज जन्मला तो अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीकाठच्या काळ्या जमिनीत, कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांत. त्याच्याही आधी होत्या शेतातल्या हाळ्या. एकट्या मजुराने लांबच्या लांब तासात उभं राहून दिलेली हाळी, शेवटी मोडून खाली येणारी, आणि दुसऱ्या कुठल्या तासातून तिला आलेली हाळी. गुलामी संपली तरी जमीन मालकाची, बियाणं मालकाच्या उधारीचं, काटा मालकाच्या हातात आणि वहीही त्याचीच. वर्षाच्या शेवटी हिशेब व्हायचा तेव्हा बहुतेकांच्या नावावर कर्जच निघायचं. डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या वादकाने लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या आडगावच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना त्याने पहिल्यांदा हे गाणं ऐकलं. फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासत, दोन रेल्वेलाइनी जिथे एकमेकींना कापतात त्या जागेबद्दलची एकच ओळ तीनदा म्हणत होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेताच्या पल्याडचे शकुंतलेचे रूळ दिसले. मूर्तिजापूरपर्यंत कापूस नेणारी ती अरुंद गाडी, मँचेस्टरहून आलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. आता रुळांमधून बाभळी उगवल्यात.

सॅक्सोफोन या गोष्टीत मागाहून आला. माणसं उत्तरेला शहरांत गेली, कारखान्यांत लागली, गिटारला वीज लागली, आणि गर्दीत बोलायला मोठा गळा लागू लागला तेव्हा. मिसिसिपीतच वाढलेला एडी शॉ शिकागोत हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा, वुल्फ १९७६ मध्ये जाईपर्यंत बँड त्यानेच सांभाळला. त्याचं ऐकताना शेत कुठेच नसतं, धूर असतो, दारूचे ग्लास असतात. पण सूर मोडतो तो हाळीसारखाच.

आणि त्या कापसाचा आमच्या कापसाशी किती जवळचा हिशेब! १८६१ मध्ये तिकडे यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं बंद झाली, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये तिकडची लढाई संपली, गुलाम सुटले, आणि इकडे भाव कोसळला. म्हणजे कुठल्यातरी मायच्या पायातली बेडी तुटली त्या वर्षी माझ्या पणज्याच्या आज्याच्या घरी चूल विझली असेल. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. आज माझ्या शेतात उभी आहे ती पऱ्हाटीसुद्धा अमेरिकी कुळातली, आमची देशी कपाशी आता शोधावी लागते. त्यांच्याकडे १८९० च्या दशकात मेक्सिकोतून एक सोंडकिडा शिरला आणि बोंडं पोखरत पूर्वेला सरकत गेला. १९२९ मध्ये चार्ली पॅटन या ब्लूज गायकाने त्याच्यावरचं गाणं रेकॉर्ड केलं. आमची बोंडअळी गुलाबी. २०१७ ची. तिच्यावरचं गाणं माझ्या कानावर आलं नाही.

हे सगळं वाचल्यावर काही महिने मी ब्लूज ऐकू शकले नाही. कारण सरळ होतं. त्या गोष्टीत मी स्वतःला इतकी वर्षं गाणाऱ्याच्या बाजूला धरून बसले होते. वऱ्हाडातली, कोरडवाहूची, कर्ज पाहिलेल्या घरातली, म्हणजे मी त्यांच्यातलीच. पण काटा माझ्या हातात आहे आणि वही माझ्या मांडीवर. बाबा सकाळच्या गाठोड्यामागे एक किलो कापायचे, दवाच्या ओलीचा. त्यांना व्यापारी कापायचा, ते बायांना कापायचे. बाबांनंतर दोन हंगाम मीही तो किलो कापला, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणारीच्या नखांच्या कडा फाटतात, त्यात वाळका पाला अडकतो, बाया बोटांना चिंध्या बांधतात आणि चिंधीने वेचायचा वेग कमी होतो म्हणून दुपारी सोडून टाकतात. त्या बोटांनी मोजलेल्या दिवसातला एक किलो. ते कापणं मी बंद केलं. पण ते बंद केलं म्हणून मी काट्याच्या पलीकडे गेले असं नाही, हेही मला कळत होतं. असं असताना त्याच शेतात, त्याच बायांसमोर गंजात मोबाईल ठेवून मी काय ऐकत होते आणि का, हे त्या रविवारी मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मावशीचं वाक्य आठवडाभर घोळत राहिलं आणि मग शुक्रवारी रात्री, भांडी घासता घासता, ते कुठे जाऊन टेकतंय ते दिसलं.

२०१७ चा नोव्हेंबर. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली होती आणि पाठोपाठ अळी आली. वरून बोंड हिरवंगार, टपोरं. बाबा एकेक तोडून अंगठ्यांनी फोडायचे आणि आत गुलाबी वळवळ. फोडायचं, बघायचं, टाकायचं. दिवसभर तेच. त्यांना कोणी थांबवलं नाही. त्या संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. आमचं घर गावाच्या कडेला आहे, शेत दोन धुऱ्यांपलीकडे, विहिरीवरून दिलेली हाळी अंगणात ऐकू येते. बाबांची हाळी मी झोपेतही ओळखली असती. "ओ" पासून सुरू व्हायची, वर जायची आणि शेवटी मोडून खाली यायची, त्या मोडण्यात आईचं नाव असायचं, किंवा माझं, किंवा बैलाचं. त्या रात्री हाळी आली. आई म्हणाली, "जाय, बाबा बलावून राह्यले." मी बॅटरी घेऊन गेले. बाबा विहिरीच्या काठावर बसले होते. मी म्हटलं, काय झालं, कशाला बोलावलं? ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी? मी कोनाले बलावलं? नाही वो." मग उठले, चप्पल पायात सरकवली, आणि आम्ही दोघं बॅटरीच्या उजेडात घरी आलो. वाटेत एक शब्द नाही. जेवले, झोपले. मीही झोपले.

त्या हाळीत नाव नव्हतं. इतकी वर्षं मला हे लक्षातच आलं नव्हतं. अंगणात ऐकताना मी ती नेहमीची समजले, शेवटी माझं नाव आपोआप जोडून घेतलं, आणि चालू लागले. आता आठवते ती फक्त चढते, कडेला जाऊन लटकते आणि उतरते. बाबा जाऊन आता दोनच वर्षं झालीत, पण त्यांचा बोलण्यातला आवाज मला पुसट झालाय. फोनवर काय काय बोलायचे ते आठवतं, आवाज आठवत नाही. हाळीचं ते मोडणं तेवढं जसंच्या तसं आहे. ते पेटीवर वाजणार नाही. त्या रात्री मी विहिरीच्या काठावर त्यांच्याजवळ बसायला हवं होतं का? बसले असते तर ते काही बोलले असते का? माहीत नाही. मी बॅटरी धरून उभी राहिले होते, आणि बॅटरीचा उजेड त्यांच्या पायांवर होता, तोंडावर नव्हता.

डिसेंबरात तिसरी वेचणी आली. बोंडं लहान, कापूस तोकडा, पऱ्हाटी पानं गाळून काटक्यांसारखी उभी. आता बायांचे चेहरे दिसत होते. मी मोबाईल काढला नव्हता. दुपारच्या जेवणानंतर मावशी कॅनजवळ पाणी प्यायला आली, तांब्या उंच धरून घटाघट प्याली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ते बलावनारं नाही आनलं आज?"

लावलं. गंजात ठेवून लावलं. ती जायची थांबली. मी पहिल्यांदाच तिला वेचणीच्या वेळात रिकाम्या हाताने उभं पाहिलं. एक हात कमरेवर, नजर कुठेतरी विहिरीच्या बाजूला, कदाचित तिच्याही पलीकडे. मी काही सांगितलं नाही, मिसिसिपी नाही, अळी नाही, बाबाही नाहीत. सूर उतरत उतरत आला, संपला, आणि गंजातून नुसती हवा ऐकू येऊ लागली. ती ऐकून मावशीने माझ्याकडे बघितलं. "दमला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाया रडते वो ताई. मानसं कुठी रडते? हा त रडून राह्यला." आणि ओटी सावरत तासात गेली.

संध्याकाळी काटा झाला. हुकाला मावशीचं गाठोडं लावलं, आकडे थरथरले आणि अठ्ठावीसवर थांबले. मी वहीत एकोणतीस लिहिले. ते मी ठरवून केलं की हात आपोआप गेला, सांगता येणार नाही. मावशीला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. ती माझ्या खांद्यावरून वहीत बघत होती.

"काट्यावर किती हाय?"

"अठ्ठावीस."

"मंग अठ्ठावीसच लिव." मी खोडून लिहिलं. तिने ते नीट पाहून घेतलं, गाठोड्याची गाठ एकदा आवळली आणि बंडीकडे निघाली. दोन पावलांवर जाऊन वळून म्हणाली, "आनि ते उद्या बी आनजो."